आटवलेल्या गाई

माझ्या भाचीला, मार्लिसला, जुळं झालं ते वर्ष एकोणीसशे शहाऐंशी. त्याच वर्षी माझ्या बहिणीने नवऱ्याचं घर सोडलं.

मार्लिस तीन तासांच्या अंतरावर शहरात राहायची. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तिची आई, म्हणजे माझी बहीण एल्व्हिरा, गोठ्यात होती. हुल्डा नावाची गाय अडली होती. वासराचे पुढचे पाय दोरीने बांधून एल्व्हिरा ओढत होती आणि मी तिच्या कमरेला धरून मागे रेलत होतो. घरात फोन वाजून वाजून थांबला. वासरू बाहेर आलं, जगलं. एल्व्हिरा कोपरापर्यंतचे हात धुऊन घरात गेली तोवर जुळ्यांना जन्मून दोन तास झाले होते. तिचा नवरा नॉर्बर्ट म्हणाला, "आता जाऊन काय करणार? पाच वाजता धारा आहेत."

ऑगस्टात त्या पोरांचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झाला. नंतर तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, प्लमचा केक. पाद्रीबाईंनी सहज विचारलं, "आज एवढी पाहुणेमंडळी, मग संध्याकाळी धारा कोण काढणार?"

"मीच, आणखी कोण?" नॉर्बर्ट घास चावत म्हणाला. "रोज मीच काढतो. एल्व्हिरा असते जरा हाताखाली."

मी समोरच बसलो होतो. अकरा वर्षं मी नॉर्बर्टकडे गडी होतो, त्याच्या यंत्रशाळेमागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहत होतो. पहाटे साडेचारला गोठ्यातला दिवा कोण लावतं हे मला माहीत होतं. सेहेचाळीस गाईंच्या कासा कोण पुसतं, तेही. मी ताटात बघत राहिलो. एल्व्हिराने केकचा उरलेला तुकडा खाऊन संपवला, काटा पुसला, ताटं गोळा केली.

त्या संध्याकाळीही तिने धारा काढल्या. नळ्या धुतल्या, दुधाच्या टाकीचं झाकण लावलं. मग घरात जाऊन पेटी घेऊन आली. अजून चांगलं ऊन होतं.

"हारलन, मला गावात सोड."

"गावात कुठं?"

"छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी जूनमध्येच बघून ठेवल्यात."

माझ्या ट्रकमध्ये ती मांडीवर पर्स ठेवून बसली. तिच्या अंगाला आंबूस दुधाचा वास होता. तो तिच्या रविवारच्या कपड्यांनाही यायचा.  तेहतीस वर्षांचा संसार, आणि एक पेटी.

दुसऱ्या दिवशी पहाटे नॉर्बर्ट गोठ्याच्या दारात उभा. "कुठंय ती?"

"गावात."

"किती दिवस?"

"विचारलं नाही."

"आज पाच वाजता धारा आहेत, माहितीय ना तिला?"

"तिला माहिती नसेल तर कुणाला असणार?" मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, पण त्याला मी त्या क्षणी फार हवा होतो.

सप्टेंबरात एल्व्हिराला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, रोजचे तीन तास. त्या पैशात खोल्यांचं भाडं निघायचं, बाकी काही नाही. गुडघे तर तिचे केव्हाच गेले होते. रोज दोन वेळा सेहेचाळीस गाईंखाली बसून उठायचं म्हटल्यावर लोखंडाचेही गेले असते. वय सत्तावन्न.

कोर्ट होतं त्या मोठ्या गावात टेस्मर नावाची वकीलबाई होती. मी एल्व्हिराला तिच्याकडे घेऊन गेलो. बाई पन्नाशीची, चष्मा साखळीला लावलेला, टेबलावर सफरचंदाची सालं.

"घटस्फोट मिळेल," टेस्मरबाई म्हणाली. "तो अडत नाही. प्रश्न तुम्ही पुढे जगणार कशावर, हा आहे. जमीन कुणाची?"

"त्याच्या बापाची. बाप गेल्यावर त्याच्या नावावर आली."

"मग ती वाटणीत येणं कठीण. गुरं, यंत्रं?"

"त्यांवर बँकेचं कर्ज आहे."

"म्हणजे वाटायला राहिलं भांडीकुंडी. तेव्हा पोटगीच मागायची. दरमहा."

एल्व्हिराने पर्स बंद केली. "मला भीक नको."

"भीक कोण देतंय? तुम्हाला पगार किती मिळायचा?"

"कुणाला?"

"तुम्हाला. गोठ्यातल्या कामाचा."

एल्व्हिरा माझ्याकडे वळली. "गोठ्यातला पगार हारलनला मिळतो."

मी टोपी हातात फिरवत बसलो.

"म्हणजे कागदावर तुमचं नाव कुठेच नाही," टेस्मरबाई म्हणाली.

"नाताळच्या कार्डावर असतं."

बाई हसली. मग तिने सगळं नीट सांगितलं. पोटगीला ठरलेलं कोष्टक नसतं. न्यायाधीश एकेक गोष्ट तोलतो. लग्न किती वर्षं टिकलं. बाईचं वय काय, तब्येत कशी, ती आपल्या हिमतीवर किती कमवू शकते. संसारात कुणी काय केलं. आणि नवऱ्याला किती देणं झेपेल. "हे शेवटचं सगळ्यात मोठं. विहिरीत असेल तेवढंच पोहऱ्यात येणार."

"आणि किती वर्षं मिळते?"

"तुमच्या वयाला, तुमच्या लग्नाला, कायमची मागू आपण. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर बंद. दोघांतलं कुणी मेलं तर बंद."

"पुन्हा लग्न!" एल्व्हिरा म्हणाली. "आता आणखी कुणाच्या गाई पिळायला जाऊ?"

परतताना मी विचारलं, "आणि कोर्टाने काहीच दिलं नाही तर?"

ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तर बर्फ पडायच्या आत मी त्याच्या दारात उभी असेन. आणि तो म्हणेल, ये, जरा हाताखाली ये."

त्या सप्टेंबरात पाऊस थांबेना. उपटून ओळींनी टाकलेला पांढरा घेवडा शेतातच भिजला, शेंगांतून मोड आले, मग सगळा काळा पडून कुजला. चिखलात यंत्र उतरेना. नॉर्बर्ट दिवसातून चार वेळा बांधावर जाऊन उभा राहायचा आणि बूट जड करून परत यायचा. त्या दिवसांत मला त्याची कीव यायची. सकाळी तो माझ्याबरोबर धारा काढायचा, पण यंत्राची टोपणं सडांना लावताना त्याची बोटं अडखळायची. कुठली गाय डावीकडून लाथ मारते, हे त्याला माहीत नव्हतं. एकदा गुडघ्यावर लाथ खाऊन तो खाली बसला आणि म्हणाला, "हिला काय झालंय?"

"हिला नेहमीच होतं. एल्व्हिरा तिच्या उजवीकडून जायची."

धान्याच्या कोठारावर रोज बसणारी चार माणसं असतात. त्यांच्यातल्या कुणीतरी नॉर्बर्टच्या डोक्यात भरवलं, की कोर्ट डेअरीकडून येणारा दुधाचा चेक बघतं. चेक लहान तर पोटगी लहान. चेकच नाही तर पोटगीही नाही.

महिनाअखेरीला एका सकाळी तो खडू घेऊन गोठ्यात आला. गाईंच्या मागून चालत गेला आणि बावीस गाईंच्या पुठ्ठ्यावर फुली मारली.

"ह्या आटवायच्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "नॉर्बर्ट, ह्या ऐन दुधात आहेत. हुल्डा तर जुलैत व्याली."

"आटवायच्या म्हटलं ना."

"गाय आटवतात ती व्यायच्या दोन महिने आधी. कमी कमी करत. ही आत्ता दिवसाला तीस किलो देतेय. कास फुटेल तिची."

"पगार कोण देतं तुला?"

 माझी ही लाज मी कुणावर ढकलत नाही. मीच खुराक बंद केला, नुसतं वाळलं गवत टाकलं. मीच एकेका सडात औषधाची नळी पिळली, त्या बावीसजणींची धार सोडून दिली. संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या गाईंना यंत्र लागलं तेव्हा ह्या सगळ्या माना वळवून हंबरू लागल्या. दुसऱ्या दिवशी कासा इतक्या तणावल्या की गाईंना मागचे पाय फाकून उभं राहावं लागत होतं. सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं, खालचा भुसा पांढरा झाला होता. तिसऱ्या दिवशी हुल्डाच्या कासेला हात लावला तर ती तव्यासारखी गरम, आणि मागचा उजवा भाग दगडासारखा. पिळलं तर पिवळं पाणी आणि गाठी आल्या. दगडी झाली होती, कास सुजून आतलं दूध नासतं तो रोग. दुपारपर्यंत अशा पाच सापडल्या.

"डॉक्टरला बोलवू?" मी विचारलं.

"नको," नॉर्बर्ट म्हणाला. "तो वहीत लिहितो. किती गाई, कधी आटवल्या, सगळं."

तेव्हा त्याचा चेहरा बघितला मी. रागावलेला नव्हता. भ्यालेला होता.

मी ट्रक काढला आणि शाळेत गेलो. एल्व्हिरा मोठ्या पातेल्यातलं घेवड्याचं सूप ढवळत होती. मी सांगितलं. ती ढवळता ढवळता थांबली.

"किती?"

"बावीस आटवल्या. पाच आजारी. त्यांतली लोटी उभीच राहत नाही."

तिने एप्रन सोडला, खुंटीला लावला. मी म्हणालो, "तुझं कोर्ट आहे पुढे. तू तिकडं गेलेली कळलं तर—"

"कोर्ट माझं आहे. हुल्डाचं नाही."

त्यानंतर नऊ दिवस ती शाळा सुटली की यायची. गरम पाण्याच्या बादल्या, जुन्या चादरींच्या चिंध्या, कापराचं मलम. कास शेकायची, चोळायची, पिळायची, पुन्हा शेकायची. औषध घातलेलं दूध टाकीत चालत नाही, म्हणून जे येईल ते नालीत. मी बादल्या वाहायचो. तिचे गुडघे इतके सुजले की ती उलट्या बादलीवर बसून बादलीसकट सरकायची.

पहिल्या दिवशी नॉर्बर्ट दारात आला. दोघांनी ऑगस्टनंतर एकमेकांना पहिल्यांदाच बघितलं.  मग तो म्हणाला, "ती लाथ मारते."

"मला नाही मारत."

तो जवळ आला आणि त्याने हुल्डाची शेपटी धरली, एल्व्हिराच्या तोंडावर बसू नये म्हणून. तसाच उभा राहिला. अर्ध्या तासाने म्हणाला, "घरात कॉफी आहे."

"मी आणलीय माझी."

चौथ्या दिवशी लोटी गेली. तिच्या पायांना साखळी बांधून मी ट्रॅक्टरने तिला बाहेर ओढलं. एल्व्हिरा तोवर गोठ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिने नॉर्बर्टला एवढंच विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"  दुसऱ्या दिवशी ओल्या चिंधीने त्याने गाईंवरच्या फुल्या पुसल्या आणि मला म्हणाला, "ज्या येतील त्या परत दुधावर घे." तोवर उशीर झाला होता. निम्म्या गाई त्या वेतापुरत्या आटल्याच.

टेस्मरबाईला हे कळलं तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नऊ दिवस? त्याच्याच गोठ्यात? फुकट? एल्व्हिराबाई, त्याचा वकील काय म्हणेल सांगू? बाई धडधाकट आहे, गुरांची कामं उपसते, हिला कसली पोटगी? तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला काठी दिलीत."

एल्व्हिरा हातांकडे बघत होती. कापराने कातडी सोलली होती. "मग मारू दे त्याला काठी," ती म्हणाली. पण ट्रकमध्ये बसल्यावर तिने मला विचारलं, "हारलन, मी मूर्खपणा केला का रे?" 

नोव्हेंबरात माझ्या नावाने कागद आला. नॉर्बर्टने पत्रपेटीतून तो काढला आणि मला दिला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. हे त्याला माहीत होतं.

"कोर्टाचा आहे. वाचून दाखवू?"

"नको. बहीण वाचील."

"साक्षीला बोलावलंय तुला. काय सांगणार तिथं?"

"ते विचारतील ते."

"माझ्या छपराखाली राहतोस, हारलन."

"गळतंय ते. दोन वर्षं झाली सांगतोय."

तो वळून चालू लागला. मी मात्र ते दोन आठवडे नीट झोपलो नाही. मी एक्कावन्न वर्षांचा, अक्षरशत्रू, गाईंखेरीज काही येत नव्हतं. त्याने काढून टाकलं असतं तर मी कुठं जाणार होतो?

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी कोर्ट होतं. बर्फ अजून पडला नव्हता. न्यायाधीश म्हातारा, कानात यंत्र, बोटं जाडजूड. नॉर्बर्टने लग्नातला कोट घातला होता, बटणं लागत नव्हती.

त्याचा वकील आधी बोलला. घेवडा कुजला. दुधाचा चेक निम्म्यावर आला. माझा अशील देणार कुठून? मग तो एल्व्हिराकडे वळला.

"बाई, तुमचे गुडघे दुखतात म्हणता. ऑक्टोबरात नऊ दिवस तुम्ही गोठ्यात काम केलंत, खरं ना?"

"खरं."

"बादल्या, गाई, सगळं?"

"बादल्या हारलनने उचलल्या. बाकी मी."

"म्हणजे काम करण्याची ताकद आहे तुमच्यात."

"आहे की," एल्व्हिरा म्हणाली. "तेहतीस वर्षं आहे. त्याचा पगार देणारा एक माणूस दाखवा, उद्या सकाळी जाते."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. वकील खाली बसला.

मग मला बोलावलं. टेस्मरबाईने विचारलं, "ह्या बावीस गाई कुणी आटवल्या?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी नॉर्बर्टकडे बघितलं. तो गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत होता.  "मालकाच्या," मी म्हणालो.

न्यायाधीश पुढे वाकला. "थांबा. मला विचारू दे. त्या गाभण होत्या का? व्यायला किती दिवस होते?"

"कुठले दिवस, साहेब. हुल्डा जुलैतच व्याली होती."

त्याने पेन खाली ठेवलं. "जुलैत व्यालेली गाय सप्टेंबरात आटवली?"

"हो साहेब."

"मग दगडी झाली असेल."

"पाचजणींना. एक गेली."

नॉर्बर्टचा वकील उठला. न्यायाधीशाने हात केला. "बसा हो. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत धारा काढल्यात." मग तो नॉर्बर्टला म्हणाला, "श्री. ल्युट्के, आता तुमच्या धारा कोण काढतं?"

"दोन माणसं ठेवलीत. एक सकाळचा, एक संध्याकाळचा."

"हारलन सोडून?"

"सोडून."

"काय देता दोघांना?"

नॉर्बर्टने आकडा सांगितला. न्यायाधीशाने तो लिहून घेतला, हळूहळू, जाड बोटांनी.

"आणि ऑगस्टपूर्वी ह्या दोघांचं काम कोण करायचं?"

नॉर्बर्टने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. त्याच्या वकिलाने घसा साफ केला. नॉर्बर्टने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"ती," तो म्हणाला. "तीच करायची. सगळं." आणि पाठीवरचं पोतं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास त्याने सोडला.

जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशाने निकाल वाचला. घेवडा पावसाने नेला, त्याला कुणाचा इलाज नाही. पण गाई पावसाने आटवल्या नाहीत. तो तोटा बाईच्या पदरात घालता येणार नाही. म्हणून त्याने ह्या वर्षाचा चेक बाजूला ठेवला आणि आधीच्या तीन वर्षांची सरासरी धरली. दरमहा साडेपाचशे डॉलर, कोर्टाच्या कचेरीमार्फत. तिने पुन्हा लग्न करेपर्यंत किंवा दोघांतलं एक जाईपर्यंत.

एल्व्हिराला पायऱ्या उतरता येईनात. मला वाटलं गुडघे. पण ती हसत होती. कठड्याला धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. टेस्मरबाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "रडू नका हो, जिंकलोय आपण."

"रडत नाहीये. भाडं देऊन उरतंय, बाई! उरतंय!"

आम्ही ट्रकमध्ये बसलो तेव्हा नॉर्बर्ट आला. त्याने काचेवर टिचकी मारली. एल्व्हिराने काच खाली घेतली.

"हुल्डाचा मागचा सड गेला," तो म्हणाला.

"जाणारच होता. तीन सडांवर चालेल ती. धान्य वाढव."

त्याने मान हलवली. मग वाकून माझ्याकडे बघितलं. मी चाक घट्ट धरलं.

"हारलन, पाच वाजता धारा आहेत. उशीर करू नको." दोन पावलं जाऊन तो वळला. "आणि छपराला डांबर आणलंय. शनिवारी चढू."

मी इंजिन चालू केलं. एल्व्हिरा म्हणाली, "चल बाबा, आधी काहीतरी खाऊ. मला सप्टेंबरपासून भूक लागलीय."

जानेवारीत ती बसने मार्लिसकडे गेली, दोन आठवडे राहिली, दोन्ही नातवंडांना मांडीवर घेऊन. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "सकाळी सातला उठले, हारलन. डोळे उघडले तर बाहेर उजेड!" हे ती वर्षभर ज्याला त्याला सांगत होती. पुढे रविवारी दुपारी मी तिच्या खोलीवर जायचो. बियाण्यांची यादी टेबलावर पसरून तिने मला अक्षरं शिकवली. मका, बीट, घेवडा, असं एकेक.

नॉर्बर्ट कुरकुरायचा, पण पैसे पाठवायचा. बारा वर्षांत एकच हप्ता उशिरा आला, तो गोठ्यावर वीज पडली त्या महिन्यात, आणि तेव्हा एल्व्हिराने कचेरीत स्वतः फोन करून सांगितलं, की थांबा, मागू नका त्याच्याकडे.

नॉर्बर्ट ल्युट्के एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मार्चच्या अकरा तारखेला हृदय बंद पडून वारला, आणि निकालात लिहिल्याप्रमाणे पोटगी त्या दिवशी थांबली. लग्न दहा वर्षांवर टिकलेलं असेल तर घटस्फोटितेलाही मिळतं, म्हणून त्याच्या नावावरचं सरकारी पेन्शन मात्र मागे एल्व्हिराला मिळालं. एल्व्हिरा दोन हजार पाच साली चार ऑक्टोबरला मार्लिसच्या घरी वारली. शहात्तर वर्षांची होती.